घरचा स्टुडिओ विंडोजवरून मॅकवर हलवायचाय... कुणी हलवलाय का?

सुरपेटी | जुळे सोलापूर | २ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. घरातच वरच्या खोलीत छोटा स्टुडिओ आहे माझा, दहा वर्षं होतील आता. भक्तिगीतं, अभंग, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, आणि खरं सांगायचं तर महिन्याचं लाईटबिल निघतं ते रिक्षावरच्या जाहिरातींवर ("या या या, फक्त तीन दिवस" हा जो आवाज विजापूर रोडला डोकं उठवतो ना, तो मीच, माफी असावी).

मशीन आय५ सातव्या पिढीचं, १६ जीबी रॅम, विंडोज १०, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम क्युबेस १२, आणि माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी, म्हणजे इंटरफेस, स्कार्लेट २आय२. आता १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ माझ्या मशीनवर बसत नाही, आठव्या पिढीपासून पुढचं लागतं. त्यात गेला महिनाभर रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच टिक् टिक् येतंय, कधी दोन मिनिटांनी, कधी दहा. बफर (आवाज साठवून पुढं सोडायचा टप्पा) ५१२ वर नेला, १०२४ वर नेला, तरी येतंच. आणि १०२४ वर नेला की तबलजी चिडतो, म्हणतो सम माझी आणि तुमची वेगळी येतीय.

बजेट ७०-७५ हजार. एम४ मॅक मिनी ५९,९०० ला बसतो, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी डिस्क. मॉनिटर आहे, कीबोर्ड-माऊस आहेत. मनात भरलाय. पण अडचणी अशा:

एक तर जुने प्रोजेक्ट चारशेच्या वर आहेत, गिऱ्हाईक दोन वर्षांनी येऊन म्हणतं तेच गाणं द्या फक्त मंडळाचं नाव बदला. दुसरं, माझा तानपुरा एक ३२-बिट फुकटातला प्लगिन (क्युबेसच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) आहे, जेब्रिज हा जोडपूल लावून कसाबसा चालवतोय, त्याच्यासारखा आवाज दुसऱ्यात नाही. आणि तिसरं म्हणजे याच पीसीवर बाबांचं टॅली आहे.

गड्डा यात्रेच्या आधी सिद्धेश्वर महाराजांची पाच गाणी द्यायची कबूल केलीत. म्हणजे संक्रांतीच्या आत. बोला.

---

कडक_भाकरी

मंडळाचं नाव बदलून तेच गाणं. आता कळलं गल्लीतली सगळी गाणी सारखी का वाटतात ते.

---

नवखा_२२

दादा बिनधास्त घ्या मॅक. मी एफएल स्टुडिओ वापरतो, २०१८ ला त्यांनी मॅकचं व्हर्जन काढलं आणि लायसन एकच दोन्हीला चालतं. लॅपटॉप बदलला, लॉगिन केलं, झालं. दहा मिनिटांचं काम.

---

मूळचा_सोलापूरकर | सध्या पुणे

नवख्या, तुझे प्रोजेक्ट किती? बारा? त्यांचे चारशे आहेत रे.

सुरपेटी, मी हा उद्योग २०२१ ला केलाय, ऑडिओ पोस्ट-प्रॉडक्शनचं काम करतो, तेव्हा एम१ मॅक नवीनच आला होता. अनुभवाने सांगतो, मशीन हलवायला एक दुपार लागते आणि स्टुडिओ हलवायला सहा महिने. क्युबेसचा प्रोजेक्ट मॅकवर उघडतो, त्यात काही अडचण नाही, लायसनही दोन्हीकडे चालतं (१२ पासून डोंगल, म्हणजे लायसनची यूएसबी चावी, गेला आणि एका लायसनवर तीन मशीन चालतात, तेव्हा जुनंही चालू ठेवता येईल). प्रश्न प्लगिनचा असतो. प्रत्येक प्लगिनचं मॅकचं व्हर्जन वेगळं उतरवून टाकावं लागतं, ज्याचं नाहीच त्याच्या जागी प्रोजेक्टमध्ये रिकामा खड्डा दिसतो. शिवाय ॲपलच्या नव्या चिपवर क्युबेस नेटिव्ह चालवलं तर फक्त व्हीएसटी३ या नव्या प्रकारचे प्लगिन घेतं, जुने व्हीएसटी२ दिसतच नाहीत. ते हवे असतील तर क्युबेस रोझेटामध्ये उघडायचं, म्हणजे इंटेलसाठी लिहिलेला प्रोग्राम दुभाष्या बसवून चालवायचा. आणि ॲपलने गेल्या जूनमध्ये सांगून टाकलंय की रोझेटा अशा पद्धतीने मॅकओएस २७ पर्यंतच. म्हणजे त्या भरवशावर घर बांधू नका.

तुमचा तानपुरा तर ३२-बिट डीएलएल, म्हणजे विंडोजची फाइल. मॅकने ३२-बिट २०१९ लाच कॅटालिनापासून पूर्ण बंद केलं. तो येणार नाही. रडून घ्या.

---

सुरपेटी

रडलो. पुढं?

---

मूळचा_सोलापूरकर

पुढं सोपं आहे. जुन्या पीसीवर प्रत्येक सुरात तो तानपुरा दहा-दहा मिनिटं वाजवून वेव्ह करून ठेवा. पांढरी एकपासून पांढरी सातपर्यंत बारा सूर, पंचमाचा वेगळा, मध्यमाचा वेगळा, म्हणजे चोवीस फाइली. तानपुऱ्याला कोण नॉब फिरवत बसतंय गाणं चालू असताना.

---

काळी_चार

मध्ये बोलते, माफ करा. मी गाते, कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण चोवीस फाइलींनी भागणार नाही, निषादाचा तानपुराही लागतो, मारव्यात पंचम नाही आणि शुद्ध मध्यमही नाही. आणि दहा मिनिटं नको, अर्धा तास ठेवा. दहा मिनिटांनी फाइल परत सुरू होताना जो सांधा येतो तो बाकी कुणाला कळत नसेल, गाणाऱ्याला कळतो.

---

मूळचा_सोलापूरकर

ताई, छत्तीस फाइली. मान्य.

---

पेंग्विन_अण्णा | साखर पेठ

का बे सगळे मॅक मॅक करूलालाव? त्याच पीसीवर लिनक्स टाक की, रुपया लागत नाही. माझ्याकडं चौथ्या पिढीचा आय३ हाय, त्याच्यावर रीपर चालतंय, आर्डर चालतंय, दोन्ही रेकॉर्डिंगचेच प्रोग्राम. आधी आवाजासाठी जॅक बसवायला घाम निघायचा, ते खरंय, आता त्याच्या जागी पाइपवायर आल्यापासून ती कटकट गेली, फेडोरा लिनक्सने २०२१ लाच ते आतून लावून दिलं. आणि ६.१२ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) रिअलटाइमचं काम मूळ कर्नलमध्येच आलं, वेगळं पॅच मारायची गरज नाही. स्कार्लेट तर लावलं की चालतंय, ड्रायव्हर शोधायचा नाही काय नाही.

तानपुरा पण वाचेल बे. याब्रिज म्हणून हाय, वाइनच्या (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवतंय ते) आधारानं विंडोजचे व्हीएसटी प्लगिन लिनक्सच्या डॉमध्ये (रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामात) उघडतंय, ३२-बिट पण.

---

सुरपेटी

अण्णा, क्युबेस?

---

पेंग्विन_अण्णा

क्युबेस नाही. क्युबेस सोडायचं. रीपर शिकायचं. ६० डॉलरमध्ये लायसन भेटतंय.

---

कडक_भाकरी

"लग्न मोडू नका, फक्त बायको बदला."

---

पेंग्विन_अण्णा

😂 तू गप बे.

---

मूळचा_सोलापूरकर

अण्णांचं चेष्टेवारी घेऊ नका, लिनक्सचा ऑडिओ आज खरंच चांगला आहे, ज्याला नव्याने सुरू करायचंय आणि हात घालायची आवड आहे त्याला मी तेच सांगेन. पण याब्रिजवर आयलॉकवाले (लायसनचं कुलूप असलेले) प्लगिन त्रास देतात, आणि अंगवळणी पडलेला डॉ सोडणं हे मशीन बदलण्यापेक्षा मोठं आहे. दहा वर्षं ज्याच्या शॉर्टकटवर बोटं आपोआप पडतात ते सोडून, पाच माणसं समोर बसलेली असताना "थांबा हं, इथं कट कसं करायचं बघतो" असं म्हणायची वेळ येते. संक्रांतीच्या आत नको.

---

टॅलीवाले_काका

चिरंजीव, टॅली मॅकवर चालत नाही. लिनक्सवरही सरळ चालत नाही. बाबांना विचारलंस का आधी? मार्चएंड तोंडावर येतोय.

---

सुरपेटी

काका, मार्चला अजून चार महिने आहेत 🙏

---

टॅलीवाले_काका

असंच म्हणतात सगळे.

---

नवखा_२२

एक सांगायचं राहिलं. माझ्या मित्राला एका दुकानात "लेटेस्ट आहे, बॅटरी दोन दिवस चालते" म्हणून स्नॅपड्रॅगनवाला विंडोज लॅपटॉप दिला. घरी आणून जुना इंटरफेस लावला तर ड्रायव्हरच बसेना. दुकानदार म्हणतो विंडोजच आहे की. म्हणजे विंडोज आहे पण आत चिप मोबाइलसारखी आर्मची आहे, साधे प्रोग्राम भाषांतर होऊन चालतात पण ड्रायव्हर तसा चालत नाही, तो त्या चिपसाठीच लिहिलेला लागतो. परत घेतला नाही. आता त्यावर वेबसिरीज बघतो.

---

वायरमन

टिक् टिक् येतंय म्हणालात. कॉम्प्युटरचं नंतर बघा, अर्थिंग तपासलंय का? मला महिन्यातून एक तरी असा फोन येतो. माइकला ओठ लागला की झिणझिण होतं का?

---

सुरपेटी

होतं कधीकधी! मला वाटलं थंडीमुळं.

---

वायरमन

सोलापूरला कसली थंडी.

अर्थिंगचा खड्डा कुठंय बघा. बहुतेक घरांत बांधकाम झाल्यावर त्यावर फरशी बसवतात नाहीतर तुळशीवृंदावन. त्यात मीठ-कोळसा असतो, ओल राहिली तरच तो काम करतो. आपल्याकडं मे महिन्यात जमीन भेगाळते, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तिथं खड्ड्यात कोण पाणी टाकतंय. बादलीभर पाणी टाका आणि मग बघा. मल्टिमीटर असेल तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट दाखवतंय ते कळवा, दोन-तीनच्या आत पाहिजे. आणि मल्टिमीटरची सवय नसेल तर हात घालू नका, माणूस बोलवा.

पण अर्थिंगने येते ती घूंऽऽ. टिक् टिक् वेगळी. ती मला येत नाही.

---

मूळचा_सोलापूरकर

वायरमन बरोबर बोलले. घूं ही वायरिंगची आणि टिक् टिक् ही बहुतेक वेळा कॉम्प्युटरची. सुरपेटी, लेटन्सीमॉन नावाचं फुकट टूल आहे, ते दहा मिनिटं चालू ठेवा आणि कुठल्या ड्रायव्हरचं नाव लाल होतंय ते सांगा. आवाज दर काही मिलिसेकंदाला घास घास करून इंटरफेसला भरवावा लागतो. मध्येच एखादा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसला की एक घास चुकतो, तीच टिक्. असं असेल तर कितीही मोठं मशीन घ्या, तो आडमुठा ड्रायव्हर तिथंही आला की टिक् येणार.

---

सुरपेटी | ४ नोव्हेंबर

आधी पाणी टाकलं. खड्डा सापडला जिन्याखाली, त्यावर आईचं कडीपत्त्याचं झाड होतं. न्यूट्रल-अर्थ ११ व्होल्ट दाखवत होतं (शेजारच्या वायरमननी बघितलं), दोन बादल्या टाकल्यावर ४. झिणझिण गेली. आई म्हणते झाडाला पाणी टाकायला कॉम्प्युटर बिघडावा लागला.

मग लेटन्सीमॉन. ndis की काय ते, म्हणजे एनडीआयएस डॉट सिस, लाल.

---

मूळचा_सोलापूरकर

ते नेटवर्कचं. वायफाय बंद करा.

---

सुरपेटी

पीसीला वायफाय नाहीच, असं लिहायला घेतलं आणि मागं वाकून बघितलं. बाबांनी जीएसटी रिटर्न भरायला म्हणून दसऱ्याला यूएसबीचा वायफाय दांडू लावलाय. काढला. ५१२ वर अख्खा अभंग रेकॉर्ड केला, एक टिक् नाही. २५६ वर पण नाही.

महिनाभर मी त्या मशीनला शिव्या घालत होतो.

---

कडक_भाकरी

५९,९०० वाचले. आता पार्टी. सात रस्ता.

---

मागवाला | अक्कलकोट रोड

बाकी राहू द्या, तुमच्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही का? आमच्या इथं शेजारी बारा माग चालू असतात. मी पोराला गाणं रेकॉर्ड करून दिलं मोबाइलवर, तालाला वेगळा ढोल लावायची गरजच पडली नाही.

---

सुरपेटी

आमच्याकडं माग नाहीत पण कुत्री आहेत. भिंतीला सोलापुरी चादरी लावल्यात सहा.

---

मागवाला

चादरीनं काय होत नाही हो, ती पातळ. टॉवेल लावा. रिजेक्शनचे टेरी टॉवेल किलोवर मिळतात, मी देतो.

---

मूळचा_सोलापूरकर

गंमत नाही, हे खरंच चालतं. चादर फक्त वरचे, स-श वाले आवाज खाते, खालचा घुमारा तसाच राहतो आणि खोली डब्यासारखी वाटते. लाकडाची चार-पाच इंच खोल चौकट करून त्यात टेरी टॉवेल घड्या घालून गच्च न दाबता भरायचे, वरून कापड. भिंतीपासून थोडं पुढं टांगायचं. दगडी लोकरीइतकं नाही पण बरंच खाली उतरतं, आणि अंगाला खाज नाही. सोलापुरात राहून हे केलं नाही म्हणजे कोकणात राहून नारळ विकत घेण्यासारखं आहे.

---

काळी_चार

धाग्याचा विषय काय होता?

---

पेंग्विन_अण्णा

लिनक्स.

---

सुरपेटी | ५ नोव्हेंबर

विषयावर येतो. टिक् गेली. मग आता मॅक घ्यायचाच कशाला हा प्रश्न आहे. मन मानत नाही पण प्रामाणिकपणे विचारतोय.

---

मूळचा_सोलापूरकर

घेऊ नका, असं मी म्हणेन. निदान आत्ता. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही, सुरक्षेचे अपडेट यायचे थांबले. आणि एक वर्षाचं वाढीव संरक्षण घेता येतं, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तो दांडू काढलाच आहे, नेटशिवाय ते मशीन आणखी तीन वर्षं गाणी करेल.

---

वायरमन

मी उलट म्हणतो. लाईटचं बघा. तुमचा पीसी आणि स्पीकर मिळून दीड-दोनशे वॅट खातात, साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर लाईट गेली की पळत जाऊन सेव्ह करावं लागतं. तो मिनी नुसता बसला की चार-पाच वॅट, कामाला लागला तरी ६५ च्या आत. त्याच यूपीएसवर गाणं पूर्ण होऊन बंद करता येईल. आणि एप्रिलमध्ये ४२-४३ तापमानात बंद खोलीत पंखा लावता येत नाही माइकमुळं, तिथं कॉम्प्युटरची उष्णता कमी म्हणजे गाणाऱ्याचा घाम कमी.

---

काळी_चार

याला माझं मत. मागच्या मे महिन्यात एका खोलीत गायले, एसी बंद, पंखा बंद, पायाशी कॉम्प्युटर भट्टीसारखा. दुसऱ्या अंतऱ्याला चक्कर आली. बाकी मॅक का फॅक मला माहीत नाही.

एक विचारू का? तो तबलजी चिडतो म्हणालात ते नक्की काय असतं? माझ्याही कानात आवाज मागून येतो कधीकधी.

---

मूळचा_सोलापूरकर

ताई, असं बघा. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झवर एका बाजूचे २३ मिलिसेकंद, आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा, म्हणजे ४६ च्या वर. तेवढ्या वेळात आवाज पंधरा-सोळा मीटर जातो. म्हणजे तबलजीला स्वतःचा तबला पन्नास फुटांवरून कुणीतरी वाजवतोय असा ऐकू येतो. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत मात्रेला चार बोल घेतले तर दोन बोलांत ६२ मिलिसेकंद असतात, त्यातले ४६ गेले. चिडेल नाहीतर काय करेल. १२८ वर हेच दोन्ही बाजूंचे मिळून सहाच्या आसपास, म्हणजे दोन मीटर. समोर बसल्यासारखं.

सुरपेटी, स्कार्लेटवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे, ते दाबलं तर वादकाला कॉम्प्युटरमधून न जाता थेट ऐकू येतं. ते वापरत नाही का तुम्ही??

---

सुरपेटी

...

ते बटण कशासाठी आहे हे दहा वर्षं विचारलं नव्हतं कुणाला.

---

कडक_भाकरी

दोन पार्ट्या.

---

सुरपेटी | १ डिसेंबर

मंडळी, शिव्या घाला. घेतला. मिनी. शनिवारी.

कारण सांगतो. जाहिरातवाल्यांच्या फाइली व्हॉट्सॲपवर याव्या-जाव्या लागतात, नेट नसलेलं मशीन घेऊन धंदा होत नाही, आणि नेट लावलं की विंडोज १० ची धाकधूक. आणि खरं कारण म्हणजे मनात भरला होता.

पहिलं प्रेम: स्कार्लेट लावलं, कसलाच ड्रायव्हर मागितला नाही, १२८ वर चाळीस ट्रॅक चालले आणि पंख्याचा आवाज शोधायला कान टेकवावा लागला. माझ्या पंजापेक्षा लहान आहे पेटी.

पहिलं भांडण: जुन्या आकाराचं यूएसबी तोंडच नाही एकही. पाच सी-टाइप. मिडी कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह, सगळे हातात धरून उभा. रविवारी नवी पेठ पालथी घालून हब आणला. चालू करायचं बटण तळाला आहे, उचलून खालून दाबावं लागतं, बाबा म्हणाले कुठल्या शहाण्यानं केलंय.

---

मूळचा_सोलापूरकर

अभिनंदन. आता यात्रेची पाच गाणी जुन्यावरच पूर्ण करा. मिनीला हात लावू नका तोपर्यंत.

---

सुरपेटी

हो हो.

---

सुरपेटी | १९ डिसेंबर

लावला हात.

काय झालं ते सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. तिसरं गाणं, नंदीध्वजाचं, हलगी आणि सनई. भजनी मंडळाचे पाच जण आले, त्यातले दोघं सुट्टी टाकून आलेले. म्हटलं नव्या मशीनवर दाखवू जरा. दोन टीबीची जुनी डिस्क मिनीला लावली, सगळे फोल्डर दिसले, प्रोजेक्ट उघडला, हलगी वाजली, सगळे खूश. रेकॉर्ड दाबलं तर फाइल लिहिता येत नाही म्हणतंय. परत दाबलं. परत तेच. परमिशन बघितल्या, रीस्टार्ट केलं, हब बदलला. अर्धा तास. आई दोनदा चहा घेऊन आली. शेवटी मंडळातला सगळ्यात धाकटा पोरगा, टाळ वाजवणारा, म्हणतो काका डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, आहे का, मॅक ती नुसती वाचतो, लिहीत नाही. कॉलेजात शिकवलंय म्हणे.

मग प्रोजेक्ट आतल्या डिस्कवर कॉपी केला. उघडला तर सनईचे दोन टेक गायब. ते पूर्वी कधीतरी डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये रेकॉर्ड झालेले, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये नव्हतेच. आणि तानपुऱ्याच्या जागी खड्डा, कारण छत्तीस फाइलींतल्या मी चारच केल्या होत्या.

पाचही जणांना खालच्या खोलीत पंखा लावून बसवलं, जुना पीसी चालू केला, दांडू काढला, आणि त्यावरच रेकॉर्ड केलं. गप्प.

---

पेंग्विन_अण्णा

लिनक्सला एनटीएफएस लिहिता येतंय. नुसतं सांगूलालोय.

---

मूळचा_सोलापूरकर

बोलणार नव्हतो, पण क्युबेसच्या फाइल मेनूत बॅकअप प्रोजेक्ट आहे. ते केलं की इकडं तिकडं विखुरलेले सगळे टेक एका फोल्डरात येतात. चारशे प्रोजेक्ट करू नका. गेल्या तीन वर्षांतले, ज्यांचं गिऱ्हाईक परत येऊ शकतं तेवढेच. त्यातही प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग वेव्ह करून ठेवा, एकदा इफेक्टसकट, एकदा कोरा. ते उद्या अण्णांच्या रीपरमध्येही उघडेल. डिस्क एक्सफॅट करा, दोन्हीकडं लिहिता येतं. फॉरमॅट करायच्या आधी माल दुसरीकडं काढून घ्या, हे वेगळं सांगत नाही.

---

मागवाला

टाळ वाजवणाऱ्या पोराला स्टुडिओत कामाला ठेवा.

---

सुरपेटी

ठेवलाय. रविवारी येतो, छत्तीस फाइली तोच करतोय. निषादाचे झाले.

अजून एक अडचण आली जी कुणीच सांगितली नव्हती. गाण्यांचे शब्द मी सगळे श्री-लिपीत (युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट) टाइप केलेले, मॅकवर उघडले तर बाराखडीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. आता युनिकोडमध्ये बदलून घेतोय, रफार आणि "र्‍या" दर दुसऱ्या ओळीला चुकतात, हाताने दुरुस्त करावं लागतंय.

---

काळी_चार

ते पाठवा माझ्याकडे, मी करते. दुपारी मोकळी असते. अभंगाचे शब्द चुकलेले बघवत नाहीत.

---

सुरपेटी | १८ जानेवारी २०२६

पाचही गाणी ९ तारखेला दिली. अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्याच्या बाजूला उभा होतो, बाराबंदी घातलेली माणसं, गर्दी, आणि मागच्या कुठल्यातरी स्टॉलवर नंदीध्वजाचं गाणं लागलं. हलगीवर माणसं वळून बघत होती. जुन्या पीसीवर रेकॉर्ड केलेलं आणि मिनीवर मिक्स केलेलं आहे ते, ऐकून कुणाला कळणार नाही.

ताई, तुमच्या सुधारलेल्या शब्दांमुळं तिसऱ्या गाण्यातली एक चूक वाचली, मंडळाच्या अध्यक्षांनी फोन करून सांगितलं.

---

काळी_चार

मला फोन करायला हवा होता त्यांनी.

---

कडक_भाकरी

जुना पीसी विकणार का? भाच्याला पाहिजे होता.

---

सुरपेटी

नाही. तो खाली हलवला बाबांच्या टेबलावर. टॅली त्यावर, आणि तानपुरा पण त्यातच आहे अजून, म्हटलं राहू दे. वायफायचा दांडू परत लावलाय, आता टिक् टिक् आली तरी हिशेबाला ऐकू येत नाही.

---

टॅलीवाले_काका

विंडोज १० आणि वर नेट लावलंस? दांडू काढ आधी, रिटर्न तुझ्या मॅकवरून भरू दे त्यांना, ब्राउझरवर होतं ते. टॅलीचा बॅकअप रोज पेनड्राइव्हवर. आणि पेनड्राइव्ह एक्सफॅट कर, नाहीतर परत चहा सांगावा लागेल.